भारतात सिद्ध

बरणीच्या बुडाला झिलई नसते. भट्टीत ती खाली चिकटून बसू नये म्हणून तेवढा भाग कोरा ठेवतात. त्या मळकट पांढऱ्या गोलात एक आयत दिसत होता, साधारण तीन सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटर रुंद. आतला रंग बाहेरच्यापेक्षा किंचित उजळ होता. तीन कोपरे टोकदार होते, चौथा गोलसर.

"काय दिसतंय?" काटकर बाईंनी विचारलं.

"इथे काहीतरी चिकटवलेलं होतं."

"पुढे?"

"नंतर काढलं."

"कशाने?"

मी बरणी नाकाजवळ नेली. कसलाच वास नव्हता.

"रॉकेलने काढलं असतं तर या कोऱ्या भागाने ते पिऊन घेतलं असतं. महिनाभर वास आला असता," बाई म्हणाल्या. "थिनरने काढलं असतं तर कडेला डाग राहिला असता. हे ज्याने पुसलंय ना निकम, त्याला रसायनशास्त्र येतं."

मी बरणी टेबलावर ठेवली. निकम हे माझं माहेरचं आडनाव. कऱ्हाडच्या कॉलेजात बाईंनी मला तीन वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी निकमच होते. त्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. ओगलेवाडीत दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या.

ही बरणी त्यांनी आमच्याकडून घेतली होती. आमच्याकडून म्हणजे 'गावमाती भांडार'कडून. माझ्या धाकट्या दिराची, शशीभाऊजींची, ती वेबसाइट. ती सुरू झाली त्या वर्षी सगळ्यांना एकदम स्वदेशी आठवलं होतं. कॉलेजातली माझी तासांवरची नोकरी बंद झाली, तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, घरात एम.एस्सी. असताना मी बाहेरचा माणूस कशाला शोधू?" असं करत मी तपासणी अधिकारी झाले. गोदामातून जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात एक पिवळं कार्ड असायचं आणि त्यावर माझी छापील सही असायची.

बाईंचा पहिला फोन आला तो तक्रारीचा. मीच उचलला.

"हॅलो, गावमाती भांडार."

"मला लिंबाच्या लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी हवी आहे. तुमची वेबसाइट मला जय हिंद म्हणते."

मला लगेच कळलं काय झालं असेल ते. भाऊजींनी पुण्याच्या एका कंपनीकडून वेबसाइटला चाळणी लावून घेतली होती. कोणी 'चीन' किंवा 'चिनी' टाइप केलं की पडद्यावर लाल पट्टी यायची: 'आम्ही चिनी माल विकत नाही. जय हिंद.' मालाच्या नावात तो शब्द असला तर माल यादीतूनच उडायचा. त्यात चिनी मातीच्या बरण्या आल्या, चिनी मातीच्या कपबशा आल्या, एका वैद्यांनी पाठवलेली कबाबचिनीसुद्धा आली. मी भाऊजींना तीनदा लिहून दिलं होतं, की चिनी माती हे मातीचं नाव आहे, देशाचं नाही. ते म्हणाले, "वहिनी, लोकांना आवडतंय. त्या पट्टीचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात."

"मॅडम, आपण 'सिरॅमिक जार' असं शोधा," मी फोनवर म्हणाले. "चिनी माती म्हणजे तशी…"

"चिनी माती म्हणजे काय ते मला सांगू नका. बत्तीस वर्षं शिकवलंय मी ते." मग त्यांचा सूर बदलला. "हा आवाज कोणाचा? निकम का गं तू?"

त्या इतक्या आनंदल्या की मलाही बरं वाटलं. "तू आहेस होय तिथे! मग काळजीच नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या सिरॅमिक जार शोधायला गेल्या.

त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. उत्तर प्रदेशात खुर्जाला एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या भट्टीत बरण्या करायचे. त्यांच्या नातवाने आमचा मराठी फॉर्म कोणाकडून तरी भरून घेतला आणि त्यात 'चिनी मातीची बरणी' असं लिहिलं. चाळणीने त्यांचा माल एका रात्रीत उडवला. चार वेळा त्यांनी फोन केला, पाचव्यांदा केला नाही. ज्यांनी फॉर्मवर 'सिरॅमिक जार' लिहिलं, तेवढेच राहिले. 'मूळ देश' या रकान्यात आधीपासूनच 'भारत' भरलेलं असायचं. बदलायचं असेल त्याने बदलायचं. कोणी बदललं नाही.

"आता हे बघ," बाई म्हणाल्या. त्यांनी झाकणाभोवतीचं रबरी कडं नखाने सोडवलं. "नवीन बरणी मी अशीच वापरत नाही. सगळं सुटं करून धुते. तुझा तो माणूस बुडाला बोळा फिरवत बसला, पण या कड्याखाली काय आहे ते त्याने बघितलं नाही."

झाकणाच्या खाचेत साच्यातच उठवलेली इंग्रजी अक्षरं होती. पाच अक्षरं, प्रत्येक दोन मिलिमीटर उंच. चायना.

मी वाचलं. झाकण मी बाईंकडे परत दिलं.

"बरणी उत्तम आहे हं," बाई म्हणाल्या. "झिलई सगळीकडे सारखी आहे, कुठे बुडबुडा नाही. ज्याने केली त्याला काम येतं. मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही." त्यांनी कडं परत बसवलं. "माझे वडील इथल्या काच कारखान्यात कंदिलाच्या काचा फुंकायचे, तुला माहितीये?"

"नाही."

"गालांचं कातडं लोंबायला लागलं होतं त्यांचं, फुंकून फुंकून. एकदा मिरजेला एका दुकानात गेले, मला घेऊन. मी सात-आठ वर्षांची असेन. दुकानदाराने कंदील दाखवला, टिचकी मारून म्हणाला, 'बघा काय वाजते! जर्मन आहे.' वडिलांनी काच हातात घेतली, उजेडात धरली आणि परत ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाले, 'नलू, माझी आहे ती.' मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीत? तर काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावरसुद्धा नाही."

बाई उठल्या. त्यांनी गॅसवर चहा ठेवला. तोवर मी माझी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. पर्समध्ये एक कागद होता. साताऱ्याच्या एका महिला संस्थेचा सुवर्णमहोत्सव होता आणि त्यांनी पाहुण्यांना द्यायला चारशे बरण्या मागवल्या होत्या. अट एकच: माल इथे बनलेला असल्याचं तपासणी अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र हवं. छापील सही नको, शाईची हवी. कागद पाच दिवस माझ्याकडे होता. भाऊजी रोज विचारायचे. मी रोज म्हणायचे, "बघते." घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढी दिवाळी होऊ दे, मग बोल त्याच्याशी." मागच्या वर्षी आम्ही दसरा होऊ द्यायचा ठरवलं होतं.

चहाबरोबर बाईंनी पिवळं कार्डही टेबलावर आणून ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि परीक्षेचा पेपर वाचून दाखवावा तसं वाचलं. "'ही वस्तू भारतात सिद्ध झाली आहे. तपासणी, सौ. हेमलता डुबल, एम.एस्सी. रसायन.'" चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सिद्ध! प्रमेय सिद्ध होतं. मंत्र सिद्ध होतो. बरणी कशी सिद्ध होते गं?"

"म्हणजे… तयार."

"तयार म्हणजे बनलेली?"

"तयार."

"छान शब्द शोधलाय. वाचणाऱ्याने 'बनली' असं समजायचं, आणि पकडलं तर 'आम्ही तसं कुठे म्हटलं?' असं म्हणायचं. कोणाचं डोकं हे? वकिलाचं असणार."

मी चहा प्यायले. तो फार गरम होता, तरी प्यायले.

"उद्या मी तुझ्याबरोबर तुमच्या गोदामात येणार. बरणी परत द्यायला."

"बाई, कशाला त्रास? कुरिअरवाला घरून घेऊन जाईल. वेबसाइटवर बटण आहे."

"बटणाला नाही द्यायची मला. माणसाला द्यायचीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही दोघी रिक्षाने गोदामात पोचलो. दारात टेम्पो उभा होता आणि आत बायका खोकी बांधत होत्या. त्या अकरा जणी होत्या. टेबलावर हेअर ड्रायर, कापसाचे बोळे आणि पारदर्शक द्रावणाची पाच लिटरची बाटली होती. बाईंनी बाटलीकडे पाहिलं, पुढे गेल्या आणि एका रिकाम्या खोक्यावर बसल्या. मांडीवर बरणी.

शशीभाऊजी फोनवर बोलत बोलत आले. बाईंना बघून त्यांनी फोन खिशात टाकला आणि वाकून नमस्कार केला.

"बाई! तुम्ही! अहो, मला केमिस्ट्रीत अठरा मार्क दिले होते तुम्ही."

"सोळा. वरचे दोन ग्रेसचे."

बायका हसल्या. भाऊजीही हसले. त्यांचा हा गुण होता, त्यांना स्वतःवर हसता यायचं आणि माणूस तिथेच निम्मा विरघळायचा. "बसा बाई, चहा सांगतो. वहिनी, तो कागद झाला ना? टेम्पो खोळंबलाय. साताऱ्याच्या संस्थेच्या मोहिनीताईंचे दोन फोन झाले सकाळपासून."

"त्याआधी माझं ऐक," बाई म्हणाल्या. त्यांनी झाकणाचं कडं काढलं आणि झाकण भाऊजींसमोर धरलं. "वाच."

भाऊजींनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर फरक पडला नाही. "हं. हे राहिलं होय! बाई, तुम्ही आमच्या क्वालिटीला पाहिजे होता. लगेच बदलून देतो. पैसे परत करतो, वर एक तांब्याची बाटली माझ्याकडून."

"ती कुठली?"

"अं?"

"तांब्याची बाटली कुठली? पुण्यातल्या तांबट आळीतली, का हीसुद्धा सिद्ध झालेली?"

भाऊजींनी एक खोकं ओढलं आणि बाईंसमोर बसले. आवाज खाली आणला. "हे बघा बाई, तुमच्यापासून काय लपवायचंय. आम्ही 'भारतात बनवलं' असं कुठेही म्हणत नाही. कार्ड नीट वाचा. सिद्ध. माल येतो, या आमच्या बायका तो धुतात, पुसतात, झाकणं तपासतात, खोक्यात भरतात. म्हणजे तो इथे विकायला सिद्ध होतो. शंभर टक्के खरं वाक्य आहे. वकिलालासुद्धा दाखवलंय."

"म्हणजे शब्द वकिलाचा नाही."

"छे! वकिलाला कुठलं एवढं मराठी? आमच्या वहिनींचा आहे!" भाऊजींनी माझ्याकडे हात केला. त्यांना खरोखर कौतुक होतं, त्यात टोमणा नव्हता. "मी सरळ 'निर्मित' छापायला निघालो होतो. यांनी अडवलं. म्हणाल्या, खोट्या वाक्याखाली माझं नाव नको. दोन दिवस विचार केला आणि हा शब्द काढला. आणि ते स्पिरिट, आयसो की काय, तेही त्यांचंच. आधी या बायका रॉकेल लावायच्या, सगळा माल वास मारायचा. गिऱ्हाइकं परत पाठवायची. वहिनींनी बाटली आणून दिली. एका महिन्यात तक्रारी बंद!"

बायकांपैकी एक म्हणाली, "आणि आमचे हात पण भेगाळायचे थांबले, ताई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कडं झाकणाला बसवलं, झाकण बरणीला लावलं, तारेची कडी अडकवली, सोडली आणि पुन्हा अडकवली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. काल बूड दाखवून त्यांनी विचारलं होतं, कशाने पुसलं, तेव्हाच त्यांना ते माहीत होतं. फोडणीचा वास ओळखावा तसं एखाद्या विद्यार्थ्याचं काम ओळखणाऱ्या बाई होत्या त्या. मी सांगते का, एवढंच त्या बघत होत्या. आणि मी चहा प्यायले होते.

दोन वर्षांपूर्वी तो शब्द सापडला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही सांगायला हवं. मी शब्दकोशात पाहिला होता. पाच अर्थ होते, त्यातला तिसरा आम्हाला चालत होता. मी भाऊजींना तो अर्थ पेन्सिलीने खूण करून दाखवला होता.

"निकम," बाई म्हणाल्या, "टायट्रेशनचं रीडिंग चुकलं की मुलं काय करायची?"

"उत्तरावरून मागे जाऊन रीडिंग लिहायची."

"सगळी?"

"बहुतेक."

"तू?"

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुझं एकदा चोवीस पूर्णांक सहा आलं होतं. वर्गात सगळ्यांचं एकवीस. तू चोवीस पूर्णांक सहाच लिहिलंस. खाली लिहिलंस, 'ब्युरेटची तोटी गळत असावी.' गळत होती. त्यानंतर तुझ्या जर्नलवर मी न वाचता सही करायचे." त्यांनी बरणी उचलून माझ्याकडे दिली. "ही बरणीसुद्धा मी तशीच घेतली. कार्डावर तुझं नाव दिसलं, पुढचं वाचलं नाही. ती माझी चूक."

बरणी जड होती. सव्वादोन किलो तरी. मी ती दोन्ही हातांत धरून उभी राहिले, कारण ठेवायला जवळ जागा नव्हती. सगळीकडे खोकी होती आणि प्रत्येक खोक्यात एक पिवळं कार्ड होतं.

"बाई, तुम्ही म्हणता ते पटतं मला," भाऊजी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थोडा वैताग आला होता. "पण हिशेब बघा. खुर्जाचा माल दुप्पट महाग. लोकांना स्वदेशी पाहिजे, पण भाव चिनी पाहिजे. मी काय करू? या अकरा जणींची दिवाळी या टेम्पोवर आहे. विचारा त्यांना, कुठे सिद्ध झालं नि कुठे निर्मित, त्यांना काय पडलंय?"

जिने हातांच्या भेगांबद्दल सांगितलं होतं, ती खाली बघून चिकटपट्टीचं टोक शोधत होती.

"वहिनी, सही करा आणि मोकळं करा मला. दिवाळी झाली की आपण बसू. कार्ड बदलू, चाळणी बदलू, तुम्ही म्हणाल ते. शब्द देतो."

"कुठला शब्द?" बाई म्हणाल्या.

भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि मान हलवली. "मोहिनीताई. तिसरा फोन." त्यांनी तो उचलला आणि आवाज एकदम गोड झाला. "नमस्कार ताई! हो हो, निघालाच टेम्पो. कागद ना? आमच्या तपासणी अधिकारी इथेच उभ्या आहेत, त्यांच्याशीच बोला. सगळ्यांना ऐकू येईल असं करतो." त्यांनी फोनचा स्पीकर चालू केला आणि माझ्यासमोर धरला. दुसऱ्या हाताने मला खूण केली. आवाज न काढता, फक्त ओठांच्या आकाराने ते म्हणाले: सिद्ध.

"हेमलताताई का?" फोनमधून आवाज आला. मागे कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. "माफ करा हं, सारखा त्रास देतेय. मी कार्ड वाचलंय तुमचं, मला काही शंका नाही. पण आमच्या अध्यक्षबाई जुन्या आहेत. त्यांनी तरुणपणी खादीशिवाय अंगाला काही लावलं नाही. त्या म्हणतात, कागद आला नाही तर निदान कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. मला एका वाक्यात सांगा, म्हणजे मी त्यांना तसंच सांगते. या बरण्या आपल्याकडेच बनल्यात ना?"

भाऊजींनी पुन्हा ओठ हलवले. बाई बाटलीकडे बघत होत्या. बाहेर टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न दिला.

मला शब्द शोधावा लागला नाही.

"नाही," मी म्हणाले. "या बरण्या चीनमध्ये बनल्या आहेत. त्यांच्यावरचं लेबल कसं पुसायचं ते मी शिकवलं. कागदावर मी सही करणार नाही."